जिथे काडी पेटत नाही

ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून उपडा घातलेला काचेचा पेला. ज्योत हळूहळू बारीक होते, विझते आणि ताटलीतलं पाणी पेल्यात वर चढतं. शाळेत हा प्रयोग आपण सगळ्यांनी पाहिला आहे, आणि वहीत लिहिलं आहे: 'पेल्यातला ऑक्सिजन संपला, म्हणून मेणबत्ती विझली.' परवा भाचीच्या वहीत हेच वाक्य पुन्हा दिसलं आणि राहवेना. हे वाक्य चुकीचं आहे. हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. तो 16 टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत मरते, बाकीचा तसाच उरतो. पाणी वर चढतं ते मुख्यतः ज्योतीने तापलेली हवा थंड होऊन आकसते म्हणून.

"मामा, उरलाय तर वापरत का नाही ती?" भाचीने विचारलं. हा प्रश्न लाखमोलाचा आहे. एखाद्या ग्रहावरचे बुद्धिमान जीव दगडाच्या हत्यारांवरच थांबतील की रेडिओपर्यंत पोचतील, याचं निम्मं उत्तर त्यात दडलं आहे.

आधी ज्योत जवळून पाहू. मेण थेट जळत नाही. ज्योतीच्या उष्णतेने ते वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ ऑक्सिजनशी संयोग पावते. त्यातून निघालेली उष्णता पुढचं मेण वितळवते. हे चक्र आहे, आणि ते चालू राहायला ज्योत पुरेशी गरम राहावी लागते. इथे आडवा येतो नायट्रोजन. हवेत ऑक्सिजनच्या दर रेणूमागे नायट्रोजनचे पावणेचार रेणू असतात. ते जळण्यात भाग घेत नाहीत, पण ज्योतीत शिरतात आणि फुकट तापून निघून जातात. ऑक्सिजन 16 टक्क्यांवर आला की दर रेणूमागे असे सव्वापाच फुकटे होतात. उष्णता तेवढीच, वाटेकरी वाढले! ज्योतीचं तापमान उतरतं, आणि रासायनिक क्रियेचा वेग तापमानाबरोबर फार झपाट्याने पडतो. साधारण 1200-1300 अंश सेल्सिअसच्या खाली चक्र तुटतं. शेजारी ऑक्सिजन असूनही ज्योत त्याला हात लावू शकत नाही.

आपलं शरीरही अन्न 'जाळतं', पण 37 अंशांवर, विकरांच्या (एन्झाइमांच्या) मदतीने, सावकाश. त्याला नायट्रोजनच्या गर्दीशी देणंघेणं नाही. दर श्वासात ऑक्सिजनचे एकूण रेणू किती आले, एवढंच त्याला कळतं. म्हणजे श्वासाला ऑक्सिजनचा आंशिक दाब (हवेच्या एकूण दाबातला त्याचा वाटा) लागतो, तर आगीला मुख्यतः त्याचं हवेतलं प्रमाण. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच.

दोन जागा शेजारी ठेवून पाहा. लेह समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरवर आहे. हवा विरळ, नव्या माणसाला जिना चढताना धाप लागते. पण ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही 21 टक्केच, म्हणून चूल पेटते. आता इंग्लंडमध्ये बॉस्टन स्पा इथलं ब्रिटिश लायब्ररीचं पुस्तकांचं कोठार घ्या. आग लागूच नये म्हणून तिथल्या हवेत ऑक्सिजन मुद्दाम 15 टक्क्यांच्या आसपास ठेवतात. हवेचा दाब नेहमीचाच, त्यामुळे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन लेहपेक्षा थोडा जास्तच. माणूस आत वावरू शकतो, पण काडी ओढली तर पेट धरणार नाही. लक्षावधी पुस्तकं, आणि जाळायची म्हटली तरी जळणार नाहीत.

अख्खा ग्रहच असा असेल तर? अमेदेओ बाल्बी आणि अॅडम फ्रँक या खगोलशास्त्रज्ञांनी नेमका हा मुद्दा 'नेचर अॅस्ट्रॉनॉमी'त मांडला. त्यांचं म्हणणं असं, की वातावरणात ऑक्सिजन साधारण 18 टक्क्यांच्या खाली असेल तर उघड्यावर आग नीट टिकणार नाही, आणि आग नाही म्हणजे धातुकाम नाही. गुंतागुंतीच्या जीवांना त्याहून बराच कमी ऑक्सिजन पुरतो. म्हणजे जीव आहेत, मेंदू आहे, कदाचित भाषाही आहे, पण चूल नाही, असे ग्रह संभवतात. अशा एका काल्पनिक ग्रहाला आपण 'अनग्नी' म्हणू.

अनग्नीवर काय असेल? शेती असेल, पाळीव जनावरं असतील. दोर, विणकाम, उन्हात वाळवलेल्या विटा, आंबवलेले आणि खारवलेले पदार्थ असतील. स्वयंपाक नसेल. शिजवलेलं अन्न पचायला सोपं, आणि आपल्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा खातो. तेव्हा कच्च्यावर जगणाऱ्यांचा बराचसा दिवस चघळण्यात जाईल. भाजलेलं मडकं नाही, काच नाही, चुना नाही. आणि लोखंड नाही.

लोखंड नाही म्हणजे काय, हे कळायला लोहाराच्या भट्टीपाशी उभं राहावं. मी लहानपणी तासन्‌तास उभा राहायचो. भाता ओढला की लोणारी कोळसा लाल, मग केशरी, मग पिवळा. सांडशीत धरलेली छिन्नी तापायची, ऐरणीवर घणाखाली तिचं बोथट तोंड पुन्हा टोकदार व्हायचं, आणि शेवटी तिला पाणी पाजलं की चर्रर्र आवाज. भाता म्हणजे दर सेकंदाला जास्त ऑक्सिजन, एवढंच त्याचं काम. शिवाय कोळसा नुसती उष्णता देत नाही. खनिज लोखंडातला ऑक्सिजन ओढून घेणारा कार्बन मोनॉक्साइड वायूही त्याच्यापासूनच तयार होतो. विदर्भात नायकुंडच्या उत्खननात अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे. त्या लोकांना रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण त्यांच्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन होता आणि रानात लाकूड होतं.

म्हणूनच वेरूळचं कैलास लेणं 'परग्रहवासीयांनी लेझरने कापलं' असले व्हिडिओ पाहिले की संताप येतो. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात माणसांनी तो कातळ वरून खाली कोरत आणला. छिन्नीचे घाव आजही भिंतींवर दिसतात, हात फिरवला तर बोटांना लागतात. पाथरवटांच्या दिवसाच्या कष्टामागे लोहाराच्या भट्टीचे कष्ट होते. ते श्रेय त्यांच्याकडून काढून कुणा उडत्या तबकडीला देणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

मात्र बाल्बी आणि फ्रँक यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. ज्योतीखेरीज उष्णता मिळवायच्या वाटा आहेत. आपला सह्याद्री ज्या बेसाल्टचा आहे, तो जेव्हा रस होऊन वाहत होता तेव्हा अकराशे-बाराशे अंशांवर होता. तांबं 1085 अंशांवर वितळतं. जागत्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी राहणारे अनग्नीवासी लाव्ह्यालाच भट्टी का करणार नाहीत? दुसरी वाट आरशांची. तुर्कस्तानात चातालह्योयुक इथे ऑब्सिडियन या ज्वालामुखी काचेचे घासून चकचकीत केलेले आरसे सापडले आहेत, सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे. धातू गाळायला शिकण्याआधी माणसाने आरसा केला होता. असे शेकडो आरसे एका बिंदूवर रोखले तर? फ्रान्समध्ये ओदेयो इथली सौरभट्टी आरशांच्याच जोरावर तीन हजार अंशांच्या वर जाते. झाकलेल्या खड्ड्यात लाकूड तापवून त्याचा कोळसा करायलाही आग लागत नाही, नुसती उष्णता पुरते. वाट लांबची आहे, पण बंद नाही.

तिसरी वाट तर आपल्याच पृथ्वीवर माणसांनी चालून दाखवली. वायव्य ग्रीनलंडच्या इनुइट लोकांकडे आग होती, सीलच्या चरबीचे दिवे होते, पण झाडं नव्हती. लाकूड नाही म्हणून कोळसा नाही, कोळसा नाही म्हणून लोखंड गाळणं नाही. तरी 1818 मध्ये जॉन रॉस हा ब्रिटिश दर्यावर्दी तिथे पोचला तेव्हा त्यांच्या हातात लोखंडी धारेच्या सुऱ्या होत्या. हे लोखंड आकाशातून पडलेलं होतं, केप यॉर्कच्या उल्केचं. तिचा एक तुकडा एकतीस टनांचा आहे आणि आज न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. इनुइट या उल्केचे छोटे कपचे दगडाने ठोकून काढत, न तापवता, थंडच. मारून मारून चपटे करत. मग हाडाच्या मुठीला खाच पाडून ते एकाला एक लावून ओळीने बसवत, की झाली सुरी. ज्या बेसाल्टच्या दगडांनी ते हे ठोकत, त्यांचे ढीग उल्केच्या जागी साचले आहेत. ते दगड तिथले नाहीत, दुरून वाहून आणलेले आहेत.