गरोदरपणातली शुगर: डिलिव्हरीनंतर जाणारी आणि न जाणारी

ठाण्यात आहारसल्ला देताना एक वाक्य मी सतत ऐकते: "मॅडम, डिलिव्हरी झाली की शुगर जाईलच ना, सगळ्यांचीच जाते." सगळ्यांची जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

नेहमीचा गरोदरपणातला मधुमेह तुम्हाला ठाऊक आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी, दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त. वारेतून येणाऱ्या हार्मोन्समुळे शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. बहुतेकींना आहार आणि चालणं पुरतं, काहींना इन्सुलिन लागतं. लागलं म्हणून तो टाइप १ होत नाही, आणि ते बाळाला बाधतही नाही.

ऑटोइम्यून मधुमेहात, म्हणजेच टाइप १ मध्ये, आपलीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारत असते. तोही कधीकधी पहिल्यांदा गरोदरपणातच उघडकीला येतो. वार पडल्यावर इन्सुलिनची गरज दोन्हींत झपाट्याने उतरते, आणि घोळ होतो तो इथेच. नेहमीच्या प्रकारात ते आजार ओसरण्याचं लक्षण असतं. ऑटोइम्यूनमध्ये फक्त वारेचा अडथळा गेलेला असतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत.

घोडबंदर रोडची एक सडपातळ मुलगी आठवते. घरात कुणाला मधुमेह नाही, तिला स्वतःला थायरॉइड. चौथ्या महिन्यातच साखर वाढलेली, इन्सुलिनचे युनिट भराभर चढलेले. बाळंतपणानंतर चार दिवस आकडे छान आले, घरच्यांनी इन्सुलिन बंद केलं. तीन आठवड्यांनी तहान, उलट्या, गळून जाणं. 'ओली बाळंतीण आहे, अशक्तपणा असणारच,' म्हणून दोन दिवस गेले. लघवीत बुडवलेली कीटोनची (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साचणाऱ्या आम्लांची) पट्टी गडद जांभळी झाली, तेव्हा धावपळ सुरू झाली. पुढे ऑटोइम्यून मधुमेह ओळखणारी रक्ततपासणी, जीएडी अँटिबॉडी, पॉझिटिव्ह आली.

त्या दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. गरोदरपणात तर साखर फार चढलेली नसतानाही कीटोन वाढतात, म्हणून उलट्या होत असतील तर ग्लुकोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका.

बांधा सडपातळ, साखर लवकर वाढलेली, थायरॉइड किंवा घरात टाइप १ असेल, तर जीएडीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय इन्सुलिन थांबवू नका, मग सासूबाई म्हणोत की शेजारीण.

बाळाच्या लसीच्या कार्डावर दीड महिन्याची तारीख असते. तिच्या शेजारी मी 'आईची साखर: उपाशीपोटी आणि ग्लुकोजनंतर' असं पेनाने लिहून देते.