ओक, कॅक्टस आणि कोकणातली उकाड्याची रात्र

पाऊस सरला की कोकणातल्या रोपवाटिकांत गर्दी होते. अलीकडे तिथे दोन मागण्या हमखास ऐकू येतात. कुणाला अंगणात परदेशी चित्रांतला डेरेदार ओक हवा असतो, तर झाडांना पाणी घालायला वेळ नसलेल्यांना कॅक्टस. हिशेब सरळ वाटतो: ओकला पाऊस लागतो, तो इथे भरपूर, कॅक्टसला ऊन लागतं, तेही भरपूर. कॅक्टसच्या ट्रेवर तर एक पाटीही असते, ‘रात्रीही ऑक्सिजन देणारी झाडे’.

ओकचं आधी आटपू. दक्षिण भारतात ओकची एकही जात निसर्गतः उगवत नाही. हिमालयात बांज नावाचा ओक आहे, पण तो साधारण १,२०० ते २,४०० मीटर उंचीवरचा. युरोपातला पानगळी ओक दिवस लहान होताना पानं गाळतो, कळ्या मिटून झोपी जातो आणि काही आठवडे कडक थंडी सोसल्यावरच त्या कळ्यांना जाग येते. लंडनला वर्षातला सर्वांत लहान दिवस आठ तासांहून कमी, सर्वांत मोठा साडेसोळा तासांहून जास्त. रत्नागिरीत हाच फरक साधारण ११ ते सव्वातेरा तासांचा, आणि जानेवारीतली रात्रही फारशी गार नाही. झोपायचं कधी आणि उठायचं कधी, याची खूणच झाडाला मिळत नाही. एका फांदीला पालवी, दुसरी तशीच ओकीबोकी, असं करत ते खंगतं. पाकिटातून येणाऱ्या ओकच्या बियांची गोष्ट वेगळी नाही. ओकचं फळ फणसाच्या आठळीच्या जातकुळीतलं: वाळलं की मेलं. आठळी महिनाभर उन्हात ठेवून पेरा, काय उगवतं ते बघा.

भव्य झाडच हवं तर समुद्राकाठी उंडी लावा, खाऱ्या वाऱ्याला ती दाद देत नाही. जरा आत ऐन किंवा किंजळ. घरापासून निदान तीस फूट लांब, जांभा फोडून एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा, आणि लागवड पहिले एक-दोन पाऊस पडून गेल्यावर.

आता कॅक्टस. झाडाला कार्बन डायऑक्साइड हवा असेल तर पानावरची रंध्रं उघडावी लागतात, आणि ती उघडली की आतलं पाणी वाफ होऊन निसटतं. साध्या झाडाला एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमवावं लागतं. वाळवंटात हा सौदा परवडत नाही. म्हणून कॅक्टस दिवसा दारं बंद ठेवतो आणि रात्री, हवा गार असताना, उघडतो. पण रात्री प्रकाश नसतो, साखर बनवता येत नाही. मग मिळालेला वायू ठेवायचा कुठे? आम्लाच्या रूपात! पीईपी कार्बोक्झिलेज नावाचं विकर (एन्झाइम) तो पकडतं, त्याचं मॅलिक आम्ल बनतं (हिरव्या सफरचंदाला आंबटपणा देणारं हेच) आणि ते पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे पाण्याच्या पिशवीत, साठत जातं. उजाडलं की रंध्रं मिटतात, आम्ल बाहेर येऊन फुटतं, वायू मोकळा होतो आणि रुबिस्को हे दुसरं विकर उन्हाच्या जोरावर त्याची साखर करायला घेतं. पाण्याचा खर्च ५० ते १०० ग्रॅमवर येतो.

या पद्धतीला ‘कॅम’ (क्रॅसुलेशियन ॲसिड मेटाबोलिझम) म्हणतात. त्यातलं ‘क’ क्रॅसुलेसी या कुळाचं, म्हणजे आपल्या पानफुटीच्या कुळाचं. भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन यांनी १८१३ साली लंडनला कळवलं होतं की पानफुटीची पानं सकाळी चुक्याइतकी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडवट लागतात. पानफुटी गुरांना विषारी आहे, तेव्हा चव घेण्यापेक्षा एक पान पहाटे सहाला आणि एक दुपारी चारला खुडा, थेंबभर पाण्यात चेचा आणि पीएच पट्टी बुडवा. सकाळी पट्टी ४ च्या आसपास दाखवेल, दुपारी साडेपाचच्या (आकडा जितका लहान, तितकं आम्ल जास्त). एका झाडाचा दिवस-रात्रीचा कारभार कागदाच्या पट्टीवर दिसतो.

खरी गंमत पुढे आहे. पीईपी विकर दिवसाही चालू राहिलं तर मोकळा झालेला वायू तेच पुन्हा पकडून बसेल. तसं होऊ नये म्हणून आम्ल साठलं की ते विकराला गप्प करतं. मग रात्री, आम्ल साठत असतानाच, ते गप्प का होत नाही? कारण रात्री झाडाच्या अंतर्गत घड्याळाच्या हुकमावर विकरावर फॉस्फेटचा एक शिक्का बसतो, आणि शिक्का असेपर्यंत ते आम्लाला भीक घालत नाही. मात्र रात्र उबदार असेल तर शिक्का लवकर पुसला जातो, रिक्तिकेतून आम्ल झिरपतं आणि श्वसनात साखरही जास्त जळते. वाळवंटात दिवस ३५-४० अंशांचा असला तरी रात्र उतरते. बऱ्याच कॅक्टसना १५ अंशांच्या आसपासची रात्र मानवते. कोकणात मे महिन्याची रात्र २५ अंशांच्या खाली क्वचितच जाते. म्हणजे झाडाला इथे उन्हाचा त्रास नाही, रात्रीचा आहे.

पाटीचा निकालही यातच लागतो. ऑक्सिजन येतो तो पाण्याचा रेणू फुटून, आणि त्याला प्रकाश लागतो. अंधारात कॅक्टस कार्बन डायऑक्साइड घेतो हे खरं, पण ऑक्सिजन सोडत नाही. उलट श्वसनासाठी वापरतोच. शिवाय माणूस दिवसाला किलोभर कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यापुढे चार इंची कुंडी काय करणार! संगणकाचे किरण शोषणारा कॅक्टस ही याच दुकानातली दुसरी थाप.

काटेरी झाड घरात अशुभ, असं मानणारीही पुष्कळ घरं आहेत. त्यांतल्या कितीतरी अंगणांत ब्रह्मकमळ उमललं की रात्री निरांजन ओवाळतात. ते झाड कॅक्टसच आहे, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांतलं. खरं ब्रह्मकमळ हिमालयात वाढतं. लागवडीच्या दृष्टीने हा धागा कामाचा आहे: ब्रह्मकमळ आणि ड्रॅगन फ्रूट हे जंगली, झाडांच्या आधाराने वाढणारे कॅक्टस. पाण्याचा निचरा असेल तर ते कोकणात तग धरतात. ‘कॅम’च हवं तर परसातलं अननस, कोरफड आणि बांधावरचं घायपात आहेच.

वाळवंटी, गोल कॅक्टसचा हट्टच असेल तर तो जमिनीत लावू नका. जिथला वर्षभराचा पाऊस २००-३०० मिलिमीटर, तिथलं झाड तीन हजार मिलिमीटरमध्ये ठेवलं तर मातीतली हवा जाते, मुळं गुदमरतात आणि बुरशी आत शिरते. चार-पाच इंची, रंग न लावलेली मातीची कुंडी घ्या. दोन भाग जांभ्याची बारीक खडी, धूळ जाईपर्यंत धुतलेली. एक भाग नदीची जाड वाळू. एक भाग पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुना असतो. काथ्याचा भुसाही नको, तो पावसाळ्यात वाळतच नाही. जूनच्या आरंभापासून ऑक्टोबरपर्यंत कुंडी पारदर्शक पत्र्याखाली, बाजूंनी वारा खेळेल अशी, पागोळ्यांपासून दूर. पडवीत ठेवाल तर प्रकाश कमी पडून शेंडा फिकट आणि निमुळता होईल, तो पुन्हा कधी जाड होत नाही. पाणी कोरड्या दिवसांत दहा-पंधरा दिवसांनी, पावसाळ्यात जवळजवळ नाहीच.

श्रावणात बुंध्याशी तपकिरी, मऊ डाग दिसला आणि आंबूस वास आला तर वाट पाहू नका. सुरी स्पिरिटने पुसून डागाच्या वर आडवा काप घ्या. कापलेल्या चकतीच्या मध्यावर एक कडं दिसेल, त्यातून पाणी वाहतं. त्यात एकही तपकिरी ठिपका असला तर सुरी पुन्हा पुसा आणि आणखी अर्धा सेंटिमीटर वर कापा. कडं स्वच्छ दिसेपर्यंत. उरलेला तुकडा सावलीत, वाऱ्यावर सात ते दहा दिवस सुकवा. पावसाळी हवेत जखमेवर खपली धरायला पंधरा दिवसही लागतात. मग कोरड्या मिश्रणावर नुसता टेकवून ठेवा आणि दोन आठवडे पाण्याचा थेंब घालू नका.