वर्गणी संकेतस्थळ

ठरावीक मुदतीने वर्गणी घेऊन सभासदांना लेख, शिकवणी, ध्वनिफिती किंवा सल्ला पुरवणारे संकेतस्थळ. इथे पैसे आधी जमा होतात आणि माल पुढे महिनोन्‌महिने द्यावा लागतो. मराठी नियतकालिके वार्षिक वर्गणीवर पिढ्यान्‌पिढ्या याच पद्धतीने चालत आली. मनीऑर्डरच्या जागी आता यूपीआय आले.

वॉल स्ट्रीट जर्नलने १९९० च्या दशकातच ऑनलाइन मजकुरासाठी पैसे घ्यायला सुरुवात केली, तर न्यूयॉर्क टाइम्सने मार्च २०११ मध्ये दरमहा काही लेख मोफत ठेवून पुढच्यांसाठी वर्गणी लावली. एकट्या लेखकाला किंवा शिक्षकाला हे सोपे झाले ते वर्गणी गोळा करून देणाऱ्या पेट्रिऑन (२०१३) आणि सबस्टॅक (२०१७) या सेवा आल्यावर. स्वतःचेच संकेतस्थळ हवे असेल तर संकेतस्थळ बनवण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीला सभासदत्वाचे प्लगइन (जोड-प्रोग्राम) जोडतात किंवा वर्गणीची सोय असलेली घोस्ट ही प्रणाली वापरतात. डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता), होस्टिंग (ते ठेवण्याची इंटरनेटवरची जागा) आणि मांडणी एवढे काम नवखाही चार-आठ दिवसांत उरकतो.

खरी अडचण पैसे घेताना येते. पेमेंट गेटवेकडे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपनीकडे, अर्ज करताना पॅन आणि बँक खात्याचा तपशील लागतोच. शिवाय अटी, गोपनीयता धोरण, परताव्याचे नियम आणि संपर्काचा पत्ता ही पाने संकेतस्थळावर आधीच असावी लागतात. ती नसली की अर्ज अडकतो. परदेशातल्या मराठी वाचकांकडून कार्डाने वर्गणी घ्यायची असेल तर त्याची मंजुरी वेगळी मागावी लागते.

आपोआप वर्गणी कापण्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून काटेकोरपणे लागू झाले. पहिल्यांदा ओटीपीने संमती घ्यायची आणि पुढच्या प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जायची, असा दंडक आहे. सूचना आल्यावर ग्राहकाला ती कपात नाकारता येते. म्हणजे सभासद दर महिन्याला नव्याने विचार करतो, आणि गेल्या महिन्यात काय वाचले ते त्याला आठवले नाही तर तो निघून जातो. ग्राहकाच्या दृष्टीने हा नियम उत्तमच आहे.

त्यामुळे नवख्याने नव्या नोंदणीपेक्षा गळतीकडे, म्हणजे सोडून जाणाऱ्या सभासदांकडे, जास्त लक्ष द्यावे. महिना ९९ रुपयांचे २०० सभासद म्हणजे १९,८०० रुपये. दरमहा पाच टक्के गळती धरली तर पहिल्याच महिन्यात दहा जण जातात, आणि नवे कोणी आले नाही तर वर्षाअखेरीस जेमतेम १०८ उरतात. गेटवेचे शुल्क यातूनच जाते. गळती रोखायला नेमका दिवस पाळणे सवलतींपेक्षा जास्त उपयोगी पडते: दर शुक्रवारी एक लेख कबूल केला असेल तर तो शुक्रवारीच आला पाहिजे. म्हणून आठ-दहा लेख हाताशी तयार असल्याखेरीज वर्गणी सुरू करू नये.

वार्षिक वर्गणी एकरकमी येते, पण ती पूर्ण कमाई समजणे घातक. तिसऱ्या महिन्यात काम थांबले तर नऊ महिन्यांचे देणे अंगावर राहते. तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी. सभासदत्व रद्द करण्याचे बटण दडवणे हा तर भारतात २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ग्राहकाची फसवणूक करणारा प्रकार ठरतो. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर गेली की महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी करावी लागते.