बँकॉकच्या वस्त्या: कोण कुठून उठले, कुठे बसले

थाई माणूस आपल्या राजधानीला क्रुंग थेप म्हणतो, म्हणजे देवांचे नगर. बँकॉक हे नाव त्याहून जुने आणि साधे आहे. 'बांग' म्हणजे पाण्याकाठचे गाव आणि 'माकोक' म्हणजे आंबाडा, गोव्यात उडदमेथीत पडतो तोच, अशी त्याची फोड बहुतेक जण करतात. बांग राक, बांग ना, बांग सू ही आजच्या भागांची नावेही अशाच पाण्याकाठच्या गावांची. रस्ते नंतर आले.

1767 मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथ्या ही जुनी राजधानी उद्ध्वस्त केली. राजा ताकसिनने चाओ फ्राया नदीच्या पश्चिम तीरावर, थोनबुरीला नवी राजधानी वसवली. अयुथ्यातून वाचलेले पोर्तुगीज वंशाचे कॅथलिक त्याच्याबरोबर आले. त्यांना नदीकाठी जागा मिळाली, तीच आजची कुडी चीन वस्ती. तिथल्या सांताक्रूझ चर्चमागच्या गल्लीबोळांत अजूनही 'खानोम फरांग' भाजला जातो. बदकाची अंडी, मैदा आणि साखर यांचा हा छोटा केक. लोणी नाही, यीस्ट नाही. फरांग म्हणजे आपला फिरंगी. अडीचशे वर्षे एका वस्तीने एक पाककृती जपली, यापेक्षा भरवशाचा इतिहास मला कुठल्या संग्रहालयात सापडत नाही.

1782 मध्ये आजच्या राजघराण्याचा पहिला राजा, पहिला राम, गादीवर आला आणि त्याने राजधानी पूर्व तीरावर नेली. राजवाड्यासाठी निवडलेल्या जागेवर चिनी व्यापारी राहत होते. त्यांना तटबंदीबाहेर दक्षिणेला हलवण्यात आले. त्या जागेचे नाव साम्पेंग. आज चायनाटाउन म्हणून गाजलेल्या भागाची सुरुवात अशी एका विस्थापनातून झाली. ज्या झगमगत्या यावारातचे फोटो आपण पाहतो, तो रस्ता पाचव्या रामाच्या काळात, म्हणजे 1890च्या दशकात आखला गेला. साम्पेंगची अरुंद गल्ली त्याच्याहून शंभर वर्षांनी मोठी आहे. शक्य असेल त्याने आधी तिथे चालावे.

माणसे आणून वसवण्याची ही रीत पुढेही चालू राहिली. राजासाठी लढलेल्या, कंबोडिया-व्हिएतनामकडच्या चाम मुसलमानांना साएन साएप कालव्याच्या आजच्या काठावर जमीन मिळाली आणि बान ख्रुआ उभे राहिले. कालवा मात्र नंतरचा, 1837 ते 1840 दरम्यान खणलेला. कंबोडियाकडे सैन्य आणि रसद नेता यावी म्हणून. चाम बायका रेशीम विणत. दुसऱ्या महायुद्धानंतर थाई रेशमाला जगभर गिऱ्हाईक मिळाले, त्यामागे या घरांतले माग होते. पाहुरातमध्ये आधी व्हिएतनामी लोक राहत. 1898च्या आगीनंतर तिथे रस्ता झाला आणि लहानपणीच वारलेल्या राजकन्येचे नाव त्याला मिळाले. पुढे पंजाबातून आलेल्या शीख कापड व्यापाऱ्यांनी तिथे बस्तान बसवले. गुरुद्वाऱ्याचा सोनेरी घुमट आज दुरून दिसतो.

शहराचे तोंड पाण्याकडून रस्त्याकडे फिरले ते चौथ्या रामाच्या कारकिर्दीत. 1855च्या बाउरिंग तहाने ब्रिटिश व्यापाराला दार उघडले. घोडागाड्या फिरवायला रस्ता नाही, अशी युरोपीय वकिलातींची तक्रार होती. तेव्हा चारोएन क्रुंग बांधला गेला आणि 1864 मध्ये खुला झाला. मग एकेक कालवा बुजत गेला. सीलोम रस्त्यालाही एकेकाळी कालव्याची सोबत होती. 'सी लोम' म्हणजे पवनचक्की. भुयारी मेट्रोच्या स्थानकावर हे नाव ऐकताना ती पवनचक्की कुणाला आठवत असेल?

उठवणे मात्र थांबले नाही. 1990च्या दशकात बान ख्रुआवरून द्रुतगती मार्गाचा फाटा जाणार होता. रहिवाशांनी वर्षानुवर्षे लढून तो अडवला. फ्रा नाखोन या जुन्या भागातल्या महाकान किल्ल्याच्या तटाला लागून असलेल्या लाकडी घरांच्या वस्तीला ते जमले नाही. पालिकेला तिथे उद्यान हवे होते. पंचवीसेक वर्षांच्या झगड्यानंतर 2018 मध्ये शेवटची कुटुंबे निघून गेली. किल्ल्याचा पांढरा बुरूज नीट राखलेला आहे आणि त्याच्यामागे आता हिरवळ आहे.