पोटातल्या रोहिण्या आणि नीला: जाण्याची वाट आणि परतीची वाट एक नाही

सांगली-मिरजेत वैद्यकीय, नर्सिंग आणि आयुर्वेदाच्या पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासताना पोटातल्या रक्तवाहिन्यांची एक आकृती मला वर्षानुवर्षे तशीच भेटत आली आहे. महारोहिणीतून, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रोहिणीतून, तीन लाल फांद्या निघून जठर, लहान आतडे आणि मोठे आतडे यांच्याकडे जातात आणि त्यांना अगदी खेटून तीन निळ्या फांद्या मागे वळून अधोमहानीलेला, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या नीलेला, मिळतात. लाल भाग बहुतेकांचा बरोबर असतो. निळा भाग मात्र मुळातच चुकलेला असतो, कारण तो शरीरात पाहून काढलेला नसतो, लाल भागाची जोडी म्हणून काढलेला असतो. हातापायांत रोहिणीशेजारी त्याच नावाची नीला धावते आणि सरळ मोठ्या नीलेला मिळते, तेव्हा पोटातही तसेच असणार, या गृहीतकातून हा सारा गोंधळ जन्मतो.

रोहिण्यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. सीलिॲक खोड, म्हणजे पहिली फांदी, बाराव्या वक्षीय (छातीच्या) मणक्यापाशी निघते आणि अन्ननलिकेचा शेवटचा भाग, जठर, यकृत, प्लीहा व लहान आतड्याची सुरुवात यांना रक्त देते. सुपीरिअर मेसेंटेरिक (आतड्याच्या पडद्यातली वरची) रोहिणी पहिल्या कटिमणक्यापाशी (कमरेच्या मणक्यापाशी) निघून उरलेले लहान आतडे आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपासून त्याच्या आडव्या भागाच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंतचा भाग सांभाळते. तिथून गुदाशयाच्या वरच्या भागापर्यंतचा पुरवठा तिसऱ्या कटिमणक्यापाशी निघणाऱ्या इन्फीरिअर (खालच्या) मेसेंटेरिक रोहिणीचा. रोहिणीची भिंत जाड आणि नीलेची पातळ, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते.

अडचण परतीच्या वाटेवर आहे. तीन रोहिण्यांना तीन नीला, हा हिशेब पहिल्याच पायरीवर मोडतो, कारण सीलिॲक नावाची नीला माणसाच्या शरीरात नाहीच. इन्फीरिअर मेसेंटेरिक नीला आहे, पण ती आपल्या नावाच्या रोहिणीची साथ सोडते, पोटाच्या डाव्या बाजूने वर चढते आणि स्वादुपिंडाच्या मागे बहुधा प्लीहेच्या नीलेला मिळते. सुपीरिअर मेसेंटेरिक नीला रोहिणीच्या सोबतीने, तिच्या उजव्या बाजूला राहून वर येते. हिरवी उलटी करणाऱ्या तान्ह्या बाळाच्या सोनोग्राफीत ही डावी-उजवी जागा बदललेली दिसली, तर आतडे जन्मापूर्वी नीट फिरले नसल्याची शंका डॉक्टर घेतात. शेवटी सुपीरिअर मेसेंटेरिक आणि प्लीहेची नीला स्वादुपिंडाच्या मानेमागे एकत्र येतात आणि तिथून पोर्टल नीला सुरू होते. तिची लांबी जेमतेम आठ सेंटीमीटर आहे, पण जठर, आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहा यांचे बहुतेक सगळे रक्त या आठ सेंटीमीटरांतून जाते आणि ते हृदयाकडे न जाता यकृतात शिरते.

शवविच्छेदनाच्या टेबलावर हा फरक बोटाला कळतो, म्हणून मी प्रत्येक तुकडीला तो बोटानेच शिकवतो. यकृताची कड वर उचलून जठराच्या उजव्या टोकापलीकडे तर्जनी सरकवली की ती विन्स्लोच्या छिद्रात, म्हणजे जठरामागच्या पोकळीच्या तोंडात, शिरते. त्या वेळी बोटाच्या पुढच्या बाजूला पडद्याची जी मऊ, जाडसर कड लागते, तिच्यात पित्तनलिका, यकृताची रोहिणी आणि त्या दोघींच्या मागे पोर्टल नीला असते. बोटाच्या मागच्या बाजूला, मणक्यांना चिकटून, अधोमहानीला असते. आकृत्यांत ज्या दोन नीलांची सर्रास सरमिसळ होते, त्या इथे एका बोटाच्या जाडीइतक्या जवळ आहेत आणि तरीही इथे त्यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. ग्लासगोचे शल्यविशारद जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी १९०८ मध्ये जखमी यकृताचा रक्तस्राव थांबवण्यासाठी हीच पुढची कड चिमटीत धरण्याची युक्ती मांडली, आणि ती आजही वापरात आहे. कड दाबूनही रक्त थांबले नाही, तर ते बहुधा मागच्या बाजूचे, म्हणजे यकृतातून बाहेर पडणाऱ्या नीलांचे किंवा अधोमहानीलेचे आहे, असे शल्यविशारद ओळखतात.

यकृतात गेल्यावर पोर्टल नीला पुन्हा बारीक फांद्यांत विभागते, हे तिचे खरे वेगळेपण आहे. एरवी रक्त केशवाहिन्यांच्या एकाच जाळ्यातून जाऊन हृदयाकडे परतते. इथे ते आधी आतड्याच्या जाळ्यातून आणि मग यकृताच्या जाळ्यातून, असे दोनदा गाळले जाते आणि त्यानंतरच यकृताच्या नीलांमधून अधोमहानीलेला मिळते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७५ टक्के रक्त या नीलेतून येते आणि उरलेले रोहिणीतून. म्हणूनच नीलेतल्या रक्ताला सरसकट ‘अशुद्ध रक्त’ म्हणण्याची आपल्या पुस्तकांची सवय मला अजिबात पटत नाही. पोर्टल नीलेतल्या रक्तात ऑक्सिजन कमी असला, तरी नुकत्याच पचलेल्या जेवणातली साखर आणि अमिनो आम्ले त्यातच असतात, आणि यकृताला लागणाऱ्या ऑक्सिजनचा जवळपास निम्मा वाटाही तेच रक्त पुरवते. छातीत कळ आल्यावर सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवायला सांगतात, त्याचेही कारण इथेच आहे. तोंडातले रक्त पोर्टल नीलेत जात नाही, त्यामुळे औषध यकृताला वळसा घालून लवकर हृदयापर्यंत पोहोचते. तीच गोळी गिळली तर तिचा मोठा भाग यकृत पहिल्याच फेरीत मोडून टाकते.

रोहिणी तुंबणे आणि नीला तुंबणे यांतला फरक कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही. कालव्याचे पाणी बंद पडले की उभा ऊस वाळतो. निचरा बंद पडला की वाळवा-पलूसकडे दिसते तसे तेच रान पाणथळ होऊन क्षारपड होते. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या माणसाच्या हृदयातून सुटलेली गुठळी सुपीरिअर मेसेंटेरिक रोहिणीत अडकली, तर अचानक असह्य दुखू लागते, तरीही सुरुवातीला पोट हाताला मऊच लागते, आणि काही तासांत आतडे मरू लागते. दुखणे एवढे आणि तपासणीत सापडते एवढेसे, ही विसंगती म्हणजेच धोक्याची खूण आहे; ‘गॅस झाला असेल’ म्हणून सकाळची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. नीलेत गुठळी झाली, तर दुखणे सहसा दिवसांच्या हिशेबाने वाढते आणि आतडे सुजून, रक्ताने भरून जड होते.

याच निचऱ्याची दुसरी अडवणूक यकृतातच होते. दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, अथवा यकृतात साठलेली चरबी यांमुळे सिरोसिस झाला की यकृत कडक होते आणि पोर्टल नीलेतला दाब वाढतो. हा दाब एरवी पाऱ्याच्या ५ ते १० मिलिमीटरांइतका, म्हणजे रोहिणीतल्या दाबाच्या मानाने फारच थोडा असतो. पण पोर्टल नीला आणि तिच्या उपनद्यांमध्ये झडपा नसल्याने, पुढची वाट अडली की रक्त सरळ उलटे फिरते आणि जिथे पोर्टलच्या आणि शरीराच्या इतर नीला एकमेकींना मिळतात, तिथून आडवाट शोधते. अन्ननलिकेचे खालचे टोक ही त्यांतली सर्वांत घातक जागा आहे. तिथल्या नीला फुगून फुटल्या की भांडे भरून रक्ताची उलटी होते, आणि मिरजेच्या अतिदक्षता विभागात जत-आटपाडीपासून अथणीपर्यंतचे असे रुग्ण येतात. नातेवाइकांना वाटते की जठरातली जखम वाहते आहे. मूळ आजार मात्र यकृतात असतो.

गुदद्वारापाशीही अशीच भेट होते, पण म्हणून प्रत्येक मूळव्याधीला पोर्टलच्या वाढलेल्या दाबाशी जोडू नये. मूळव्याध म्हणजे गुदद्वाराच्या मूळच्याच मऊ गाद्या सैल होऊन खाली घसरणे. ती धडधाकट यकृताच्या माणसालाही होते आणि बहुतेकदा त्यांनाच होते. सिरोसिसमुळे गुदाशयात फुगणाऱ्या नीला हा निराळा विकार आहे आणि उत्तरपत्रिकेत या दोन्हींना एकच नाव देणाऱ्याचे गुण मी कापतो.

गुदाशयाची खरी शिकवण वेगळी आहे. त्याच्या वरच्या भागातले रक्त इन्फीरिअर मेसेंटेरिक नीलेतून पोर्टलकडे जाते, तर मधल्या आणि खालच्या भागांतले रक्त ओटीपोटातल्या नीलांमधून थेट अधोमहानीलेत जाते. त्यामुळे मोठ्या आतड्याचा कर्करोग रक्तावाटे पसरला तर पहिली गाठ बहुधा यकृतात सापडते, पण गुदाशयाच्या अगदी खालच्या भागातला कर्करोग यकृताला न शिवता फुप्फुसात पोहोचू शकतो. म्हणून तिथल्या रुग्णाच्या पोटाच्या सीटी स्कॅनइतकेच बारकाईने छातीच्या स्कॅनकडेही पाहावे लागते.