युद्धाने जन्माला घातलेला चषक

ग्लासगोच्या वेशीवरच्या क्लाइड या लहानशा फुटबॉल क्लबने एप्रिल 1939 मध्ये मदरवेलला 4-0 असं हरवून स्कॉटिश कप, म्हणजे स्कॉटलंडची बाद पद्धतीची स्पर्धा, जिंकला आणि पुढची आठ वर्षं तो स्वतःकडेच ठेवला. पराक्रम कमी, नशीब जास्त. सप्टेंबरमध्ये युद्ध पेटलं, स्पर्धाच बंद पडली आणि 1947 पर्यंत चषक मागायला कोणी आलंच नाही. हेच क्लाइड दहा वर्षांनी पुन्हा अंतिम सामन्यात उभं राहिलं ते ग्लासगोच्याच बलाढ्य रेंजर्ससमोर आणि 4-1 असं हरलं. त्या विजयाने रेंजर्सच्या हाती 1948-49 च्या मोसमातला दुसरा चषक आला. आठवड्याभरात लीगही, म्हणजे मोसमभर चालणारी गुणांची साखळी स्पर्धा, त्यांच्याच पदरात पडली. एकाच मोसमात लीग, स्कॉटिश कप आणि लीग कप जिंकण्याची स्कॉटलंडमधली ही पहिलीच वेळ.

हा तिहेरी मुकुट रेंजर्सच्या थोरवीचा पुरावा म्हणून सांगितला जातो, आणि ते खोटं नाही. पण मुकुटातला तिसरा मणी आला कुठून, हे सहसा कोणी विचारत नाही. 1939 पूर्वी स्कॉटलंडमध्ये लीग कप अस्तित्वातच नव्हता. 1930 साली रेंजर्सने लीग आणि स्कॉटिश कप घेतले, शिवाय ग्लासगोतले दोन स्थानिक चषकही उचलले. पण ते दोन शहरापुरतेच. साऱ्या देशाचा तिसरा चषक युद्धाच्या अडचणीतून निघाला.

युद्ध जाहीर झालं तेव्हा 1939-40 च्या लीगचे जेमतेम पाच सामने झाले होते. लीग स्थगित झाली, प्रेक्षकसंख्येवर आणि प्रवासावर बंधनं आली. पहिलं वर्ष पूर्व आणि पश्चिम अशा दोन प्रादेशिक गटांवर निभावलं. 1940 मध्ये दक्षिणेकडच्या सोळा क्लबांनी आपली वेगळी ‘सदर्न लीग’ काढली. त्यात ग्लासगो आणि एडिनबराचे मोठे संघ होते. उत्तरेकडचे अ‍ॅबरडीन आणि डंडी बाहेर राहिले. डंडीने तर 1940 मध्ये दरवाजेच बंद केले, ते 1944 मध्ये उघडले. उत्तर आणि पूर्वेच्या क्लबांची वेगळी लीग सुरू झाली तेव्हा तिथेही रेंजर्सचा दुसरा संघ खेळत होता!

सोळा संघांच्या लीगमध्ये सामने मोजकेच आणि स्कॉटिश कप बंद, मग मोसमातले रिकामे शनिवार भरायचे कसे? चार-चार संघांचे चार गट करायचे, गटात प्रत्येकाशी घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर खेळायचं, चार विजेत्यांनी उपांत्य सामने खेळायचे. हाच सदर्न लीग कप. पुढचा लीग कप याच आराखड्यावर उभा राहिला.

त्या काळातले निकाल आज वाचताना गंमत वाटते. फेरसामन्याला सवड नसेल तर बरोबरी कॉर्नर मोजून सोडवायची. 1943 च्या अंतिम सामन्यात रेंजर्स आणि फॉल्कर्क 1-1 असे अडकले आणि 11 विरुद्ध 3 कॉर्नरांवर चषक रेंजर्सकडे गेला. पुढच्याच वर्षी एडिनबराच्या हिबर्नियनने रेंजर्सला 6-5 कॉर्नरांनी मात दिली. 1942 च्या समर कप या युद्धकाळातल्याच दुसऱ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात याच दोन संघांचे गोलही सारखे, कॉर्नरही सारखे; शेवटी नाणं उडवावं लागलं आणि ते हिबर्नियनच्या बाजूने पडलं.

बाकी सगळीकडे रेंजर्सच. सहाच्या सहा सदर्न लीग त्यांनी जिंकल्या, त्याआधीची युद्धकाळातली पहिली लीगही. क्लाइड नदीकाठच्या जहाजबांधणीच्या गोद्यांत कामाला असल्याने त्यांचे काही खेळाडू लष्करी भरतीतून सुटले, हे त्यामागचं एक कारण. अर्थात सगळेच घरी नव्हते. त्यांचा सेंटर फॉरवर्ड विली थॉर्नटन सिसिलीच्या लढाईत होता आणि शौर्याबद्दल पदक घेऊन परतला. एडिनबराच्या हिबर्नियनने मात्र सप्टेंबर 1941 मध्ये रेंजर्सला 8-1 असं धुतलं होतं. युद्धानंतर रेंजर्सशी टक्कर कोण देणार, याची चुणूक तिथेच मिळाली होती.

शांतता आली तेव्हा अधिकृत लीग पुन्हा मांडण्याचा प्रश्न उभा राहिला आणि त्यात जे झालं ते मला आजही पटत नाही. पूर्वीच्या वीस संघांच्या पहिल्या विभागाऐवजी सोळा संघांचा ‘ए’ विभाग आणि त्याखाली ‘बी’ विभाग, अशी रचना ठरली. कोणाला कुठे बसवायचं यासाठी 1939 चा गुणतक्ता बाजूला ठेवला गेला. काउडनबीथने 1939 मध्ये दुसरा विभाग जिंकून वरची जागा कमावली होती. पाच सामने खेळून युद्ध लागलं आणि नव्या मांडणीत ते ‘बी’मध्ये जाऊन पडले. त्याच वर्षी पहिल्या विभागातून खाली घसरलेलं ग्लासगोचं क्वीन्स पार्क मात्र ‘ए’मध्ये. काउडनबीथला वर यायला 1970 उजाडलं. डंडीनेही 1945-46 मध्ये ‘बी’ विभाग जिंकला, पण तो मोसम अधिकृत नसल्याने बढती नाही. मग 1946-47 मध्ये तोच विभाग पुन्हा जिंकून त्यांना वर यावं लागलं.

सदर्न लीग कपची गोष्ट वेगळी. मे 1946 मध्ये त्याच्या शेवटच्या अंतिम सामन्यात अ‍ॅबरडीनने रेंजर्सला 3-2 ने हरवलं आणि तो पाहायला ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर सुमारे 1 लाख 35 हजार माणसं होती. एवढ्या गर्दीची स्पर्धा कोण मोडीत काढेल? 1946-47 पासून ती ‘स्कॉटिश लीग कप’ या नावाने अधिकृत झाली. पहिल्या अंतिम सामन्यात रेंजर्सने अ‍ॅबरडीनला 4-0 ने नमवून हिशेब चुकता केला. इंग्लंडचा लीग कप सुरू व्हायला 1960 साल लागलं.

लोक लोटत होते. घरात टीव्ही नाही, रेशनिंग चालूच, शनिवारी दुपारी गोद्या आणि कारखाने सुटले की पाय मैदानाकडे वळायचे. मार्च 1948 मध्ये रेंजर्स आणि हिबर्नियन यांचा स्कॉटिश कपचा उपांत्य सामना 1,43,570 जणांनी पाहिला. लक्षात घ्या, उपांत्य सामना. तो रेंजर्सने जिंकला, लीग मात्र त्या वर्षी हिबर्नियनने नेली. रेंजर्सचा ग्लासगोतलाच जुना प्रतिस्पर्धी सेल्टिक, त्याचं या सगळ्यात नाव नाही, कारण ते त्या मोसमात खाली घसरण्यापासून कसेबसे बचावले होते.

रेंजर्सचं बळ बचावात होतं. गोलरक्षक बॉबी ब्राउन, पुढे जॉर्ज यंग, जॉक शॉ, इयन मॅककॉल, विली वुडबर्न आणि सॅमी कॉक्स. चर्चिलच्या भाषणामुळे तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी असलेलं ‘पोलादी पडदा’ हे नाव या सहा जणांना चिकटलं. व्यवस्थापक बिल स्ट्रुथ 1920 पासून तिथेच ठाण मांडून होते.

1948-49 मध्ये लीग कपच्या उपांत्य सामन्यात रेंजर्सने डंडीला 4-1 ने बाहेर काढलं आणि मार्चमध्ये अंतिम सामन्यात ‘बी’ विभागातल्या रेथ रोव्हर्सला 2-0 ने. एप्रिलमध्ये क्लाइडचा नंबर लागला. त्या चारपैकी दोन गोल जॉर्ज यंगने पेनल्टीवर केले. उरली लीग, आणि तिथे डंडी एका गुणाने पुढे होतं. चार वर्षं कुलूप लागलेला, दोनदा ‘बी’ विभाग जिंकावा लागलेला क्लब पहिल्या विजेतेपदापासून एका विजयावर होता. शेवटचा सामना फॉल्कर्कच्या मैदानावर. डंडीला पेनल्टी मिळाली, ती वाया गेली आणि सामना 4-1 ने हातचा गेला. तिकडे कोटब्रिजला रेंजर्सने तळाच्या अल्बियन रोव्हर्सला 4-1 ने हरवलं, त्यात थॉर्नटनचे तीन गोल. अल्बियनचे अख्ख्या मोसमात मिळून आठ गुण होते. गुणतक्ता: रेंजर्स 46, डंडी 45.

डंडीला लीग मिळाली ती 1962 मध्ये. पण ऑक्टोबर 1951 मध्ये लीग कपचा अंतिम सामना पुन्हा रेंजर्सशीच पडला. सामना संपत आला असताना रेंजर्सने 2-2 अशी बरोबरी साधली. लगेचच डंडीच्या बिली स्टीलची फ्री किक उंच आली आणि कर्णधार आल्फी बॉइडने ती डोक्याने जाळ्यात घातली.