कॅनडातील डाव्या राजकारणाची पार्श्वभूमी : गव्हाच्या प्रांतातून आलेला समाजवाद

कॅनडाच्या केंद्रात समाजवादी विचारांचा पक्ष आजवर एकदाही सत्तेवर आलेला नाही. तरीही वृद्धांचे निवृत्तिवेतन, रुग्णालयाचा विमा, डॉक्टरांकडचे विनामूल्य उपचार या तिथल्या लोकांनी आज गृहीत धरलेल्या सोयींचा माग काढत गेले, तर तो याच विचारांच्या आजच्या न्यू डेमोक्रॅटिक पार्टीच्या पूर्वसुरींपर्यंत जाऊन पोचतो. या विचाराचे सर्वांत मोठे यश मात्र टोरोंटो किंवा माँट्रियलसारख्या कारखान्यांच्या शहरांत मिळाले नाही. ते मिळाले सस्कॅचेवन या विरळ वस्तीच्या, गहू पिकवणाऱ्या प्रांतात.

सुरुवात अर्थातच कामगारांपासून झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश कोलंबियातील कोळसा खाणींत आणि लाकूडतोडीच्या छावण्यांत ब्रिटन, फिनलंड, युक्रेन येथून आलेले कामगार आपापल्या देशांतील समाजवादी विचार बरोबर घेऊन आले. फिनिश स्थलांतरितांनी 1901 साली माल्कम बेटावर सॉइंतुला नावाची सामायिक मालकीची वसाहतच उभारली. ती काही वर्षांत कर्जात बुडाली. याच प्रांतात जोर धरलेल्या सोशलिस्ट पार्टी ऑफ कॅनडाचे मत असे होते, की वेतनपद्धती मुळातून नष्ट झाल्याशिवाय किरकोळ सुधारणांना काही अर्थ नाही. या भूमिकेत निष्ठा होती, पण आजारी मुलाच्या औषधाचा खर्च कसा भागवावा या प्रश्नाला उत्तर नव्हते, आणि त्यामुळे या पक्षाचा प्रभाव खाणींच्या गावांपलीकडे फारसा पसरला नाही.

देशाचे लक्ष वेधले ते 1919 च्या विनिपेगमधील सार्वत्रिक संपाने. पहिले महायुद्ध संपले होते, महागाई वाढली होती, सैनिक परतून कामाच्या शोधात होते. बांधकाम आणि धातुकामाच्या कामगारांनी सामूहिक वाटाघाटीचा हक्क मागितला, मालकांनी तो नाकारला, आणि 15 मे रोजी सुमारे 30,000 लोकांनी काम थांबवले. त्यात टेलिफोन केंद्रावर काम करणाऱ्या स्त्रिया आघाडीवर होत्या. शहरातील धनिकांनी समिती स्थापन करून हा परकीय बोल्शेविकांचा कट असल्याचा प्रचार केला. संपाच्या पुढाऱ्यांपैकी बहुतेक जण ब्रिटिश वंशाचे होते, तरी संसदेने घाईघाईने स्थलांतर कायदा बदलून ब्रिटनमध्ये जन्मलेल्यांनाही हद्दपार करण्याची सोय केली. 21 जून रोजी घोडेस्वार पोलिसांनी जमावावर गोळीबार केला, त्यात दोघांचा मृत्यू झाला आणि काही दिवसांत संप मोडला. त्यानंतर दंडसंहितेत आलेले बेकायदा संघटनांविरुद्धचे कलम 98 पुढे 1936 पर्यंत साम्यवाद्यांविरुद्ध वापरले गेले.

या संपात अटक झालेल्यांपैकी जे. एस. वुड्सवर्थ हे नाव सर्वांत महत्त्वाचे आहे. ते मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. चर्चने युद्धाला दिलेला पाठिंबा मान्य नसल्याने त्यांनी 1918 मध्ये धर्मोपदेशकाचे पद सोडले आणि व्हँकूव्हरच्या गोदीत हमाली केली. राजद्रोही लेखनाचा आरोप त्यांच्यावर ठेवताना पुरावा म्हणून जो मजकूर पुढे करण्यात आला, त्यात बायबलमधील यशया संदेष्ट्याची वचनेही होती. कॅनडातील समाजवादाचा एक प्रवाह मार्क्सपेक्षा बायबलशी अधिक जवळचा होता हे यावरून दिसते. गरिबाची पिळवणूक हे पाप आहे आणि ते याच जगात दूर केले पाहिजे, ही शिकवण प्रॉटेस्टंट चर्चमधल्या एका पिढीने मनापासून घेतली होती. त्यामुळे डाव्या विचाराला अशा घरांत प्रवेश मिळाला, जिथे साम्यवादी पक्षाच्या कार्यकर्त्याला दारात उभे केले गेले नसते.

1921 मध्ये वुड्सवर्थ संसदेवर निवडून गेले. 1925 च्या निवडणुकीनंतर पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांच्या सरकारपाशी बहुमत नव्हते, आणि वुड्सवर्थ व त्यांचे सहकारी ए. ए. हीप्स या दोन कामगार खासदारांच्या मतांना अचानक किंमत आली. त्यांनी पाठिंब्याच्या बदल्यात वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचे आश्वासन लेखी घेतले. सिनेटने विधेयक एकदा फेटाळले, पण 1927 मध्ये कायदा झाला आणि सत्तर वर्षांवरील गरजूंना महिन्याला जास्तीत जास्त 20 डॉलर मिळू लागले. रक्कम तुटपुंजी होती, पण अल्पमतातील सरकारकडून एखादा कायदा करवून घेण्याची जी रीत इथे पडली, तीच पुढे शंभर वर्षे कॅनडातील डाव्यांचे मुख्य हत्यार राहिली.

गव्हाच्या प्रांतांत याच काळात वेगळी तयारी चालू होती. सस्कॅचेवनच्या शेतकऱ्याला धान्य साठवणाऱ्या कंपन्या वजनात काटा मारत, दर्जा खालचा ठरवत, आणि रेल्वेचे भाडे व बँकेचे व्याज ठरवणारे लोक दूर पूर्वेकडे बसलेले होते. अमेरिकेतील उत्तर डकोटातून सीमा ओलांडून आलेल्या नॉन-पार्टिझन लीग या शेतकरी संघटनेने धान्याची कोठारे सरकारी मालकीची करण्याची मागणी इथे पोचवली. 1924 मध्ये शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी गहू-संघ स्थापन केला. त्याआधीच, दशकभर अगोदर, सार्निया नावाच्या ग्रामीण पालिकेने करातून पगार देऊन डॉक्टर ठेवला होता, कारण एकट्या खासगी रुग्णांच्या भरवशावर तिथे डॉक्टर टिकत नव्हता. 1916 मध्ये प्रांताने या पद्धतीला कायदेशीर मान्यता दिली. क्षयरोग्यांवर सरकारी खर्चाने उपचार करण्याचा निर्णयही या प्रांताने 1929 मध्येच घेतला. माझ्या मते कॅनडातील समाजवादाचे खरे मूळ इथे आहे. सिद्धांत नंतर आला. एकत्र येऊन खर्च वाटून घेण्याची सवय शेतकऱ्यांना आधीच लागली होती.

मंदी आणि अवर्षण एकत्र कोसळल्यावर ऑगस्ट 1932 मध्ये कॅल्गरीत शेतकरी, कामगार आणि विद्यापीठांतील समाजवादी यांनी को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन, म्हणजे सीसीएफ, या पक्षाची स्थापना केली. वुड्सवर्थ त्याचे नेते झाले. पुढच्या वर्षी रेजायना येथे मंजूर झालेल्या जाहीरनाम्यात भांडवलशाही समूळ नष्ट केल्याशिवाय पक्षाचे सरकार स्वस्थ बसणार नाही असे म्हटले होते. बँकांचे राष्ट्रीयीकरण आणि सामाजिक विमा यांबरोबर आरोग्यसेवा सार्वजनिक करण्याची मागणीही त्यात होती. साम्यवाद्यांशी सीसीएफने कटाक्षाने अंतर राखले. तरीही बेकारांच्या छावण्यांतील तरुणांना संघटित करून 1935 ची ओटावाकडे जाणारी मोहीम उभी करण्यात साम्यवाद्यांचा वाटा मोठा होता, हे नाकारता येत नाही. दिवसाला 20 सेंटवर राबणाऱ्या त्या तरुणांची मोहीम रेजायनातच लाठ्या-गोळ्यांनी थांबवली गेली.

पश्चिम किनाऱ्यावरील कामगार चळवळीचा एक भाग आशियाई मजुरांचा उघड द्वेष करत होता, हेही या इतिहासात लिहिले पाहिजे. पंजाबातून आलेल्या मजुरांना ब्रिटिश कोलंबियात 1947 पर्यंत मतदानाचा हक्क नव्हता. अँगस मॅकइनिस यांच्यासारख्या सीसीएफच्या खासदारांनी मते गमावण्याचा धोका पत्करून या हक्काची बाजू संसदेत मांडली, आणि हे त्यांचे मोठेच धैर्य होते.

15 जून 1944 रोजी सस्कॅचेवनमध्ये सीसीएफने 52 पैकी 47 जागा जिंकल्या आणि उत्तर अमेरिकेतील पहिले समाजवादी सरकार सत्तेवर आले. मुख्यमंत्री टॉमी डग्लस हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले बॅप्टिस्ट धर्मोपदेशक होते. लहानपणी हाडाच्या जंतुसंसर्गाने त्यांचा पाय कापायची वेळ आली होती. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी एका शल्यचिकित्सकाने फुकट शस्त्रक्रिया केल्यामुळे तो वाचला. चांगले उपचार मिळणे अशा योगायोगावर अवलंबून असू नये, ही गोष्ट ते आयुष्यभर सांगत राहिले.

त्यांच्या सरकारचे सगळेच प्रयोग साधले नाहीत. बुटांचा कारखाना आणि कातडी कमावण्याचा कारखाना लवकरच बंद करावे लागले. वीज आणि विमा यांची सार्वजनिक महामंडळे मात्र टिकली, आणि बसवाहतुकीचे महामंडळ 2017 पर्यंत चालले. 1 जानेवारी 1947 पासून प्रांतातील प्रत्येकाला रुग्णालयाचा विमा लागू झाला, त्यासाठी माणशी वर्षाला 5 डॉलर आकारले गेले. डॉक्टरांच्या शुल्काचा विमा करण्याइतका पैसा तेव्हा तिजोरीत नव्हता. केंद्राने 1957 मध्ये रुग्णालयांच्या खर्चात वाटा उचलण्याचा कायदा केल्यावर तो मोकळा झाला, आणि डग्लस यांनी पुढचे पाऊल टाकले.

डॉक्टरांच्या शुल्काच्या विम्याचा कायदा नोव्हेंबर 1961 मध्ये संमत झाला. तोवर डग्लस नव्या राष्ट्रीय पक्षाचे नेतृत्व करण्यासाठी निघाले होते, त्यामुळे कायदा अंमलात आणण्याचे काम नवे मुख्यमंत्री वुड्रो लॉइड यांच्यावर आले. 1 जुलै 1962 रोजी योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी प्रांतातील बहुसंख्य डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. डॉक्टर प्रांत सोडून जातील या भीतीने अनेक नागरिकही सरकारच्या विरोधात गेले. सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर आणले, आणि सस्कटूनसारख्या ठिकाणी लोकांनी वर्गणी काढून स्वतःचे सामुदायिक दवाखाने उघडले. 23 दिवसांनंतर ब्रिटिश मजूर पक्षाचे लॉर्ड टेलर यांच्या मध्यस्थीने समझोता झाला. विमा सार्वजनिकच राहिला, पण डॉक्टर सरकारी पगारावर आले नाहीत. प्रत्येक उपचारामागे शुल्क घेणारे स्वतंत्र व्यावसायिक म्हणूनच ते काम करत राहिले. आजच्या कॅनडातील आरोग्यव्यवस्थेची अनेक वैशिष्ट्ये आणि काही उणिवाही या तडजोडीतून आल्या आहेत.

1964 मध्ये सीसीएफने प्रांतातील सत्ता गमावली, पण जिंकलेल्या लिबरल पक्षाने विमा रद्द केला नाही. केंद्रात न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने त्याच वर्षी देशभर अशीच योजना सुचवली. पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांच्या अल्पमतातील लिबरल सरकारने 1966 मध्ये कायदा केला आणि 1972 पर्यंत सर्व प्रांत त्यात सामील झाले. कल्पना डाव्यांची होती, तरी देशपातळीवरचे श्रेय मोठ्या प्रमाणावर लिबरल पक्षाच्या पदरात पडले.

डग्लस ज्या पक्षाकडे गेले तो न्यू डेमोक्रॅटिक पार्टी, अर्थात एनडीपी, 1961 मध्ये सीसीएफ आणि कॅनेडियन लेबर काँग्रेस यांनी मिळून स्थापन केला. भांडवलशाही नष्ट करण्याची भाषा त्याआधीच, 1956 च्या विनिपेग घोषणापत्राने मागे सोडली होती. 1969 मध्ये मेल वॉटकिन्स आणि जेम्स लॅक्सर यांच्या वॉफल या पक्षांतर्गत गटाने अमेरिकी कंपन्यांच्या वर्चस्वाविरुद्ध समाजवादी कॅनडाची मागणी केली, पण 1972 मध्ये ऑन्टारियोतील पक्षाने त्या गटाला बाहेरची वाट दाखवली. क्यूबेकमध्ये चर्चच्या जुन्या विरोधामुळे आणि नंतर राष्ट्रवादाच्या प्रभावामुळे हा पक्ष दशकानुदशके रुजला नाही. 2011 मध्ये जॅक लेटन यांच्या नेतृत्वाखाली त्याला 103 जागा मिळाल्या, त्यातील 59 क्यूबेकमधल्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लेटन यांचे निधन झाले आणि ती लाट ओसरली.

जगमीत सिंग यांच्या काळात पक्ष पुन्हा 1925 च्या रीतीकडे वळला. मार्च 2022 मध्ये जस्टिन ट्रूडो यांच्या अल्पमतातील सरकारला पाठिंबा देताना त्याने दातांच्या उपचारांची सरकारी योजना पदरात पाडून घेतली, आणि 2024 मध्ये औषधखर्चाच्या सार्वजनिक विम्याचा पहिला कायदाही झाला. एप्रिल 2025 च्या निवडणुकीत मात्र पक्षाला केवळ 7 जागा मिळाल्या. अधिकृत संसदीय दर्जासाठी 12 जागा लागतात. ब्रिटिश कोलंबियातील आपल्याच मतदारसंघात सिंग पराभूत झाले आणि त्यांनी नेतेपद सोडत असल्याचे जाहीर केले.